मीठ घालायच्या आधी

२०२१ सालची वसुबारस. आदल्या रात्रीच मी पुण्याहून साताऱ्याला घरी आले होते. पहाटे दारापुढे खराट्याचा आवाज सुरू झाला आणि जाग आली. त्या आवाजावरून आईचं पुढचं सगळं मला अंथरुणातूनच दिसतं. आधी झाडलोट, मग सडा, मग गेरूच्या चौकोनावरून ओलं फडकं, तो वाळेपर्यंत चहाचं आधण, आणि मग पाट घेऊन रांगोळीला बसणं. दिवाळीच्या पहिल्या दिवशी तिची रांगोळी ठरलेली, पंधरा ते आठ. मधल्या ओळीत पंधरा ठिपके, मग वर आणि खाली दोन ठिपक्यांच्या मधल्या जागेत एकेक बसवत चौदा, तेरा, बारा करत आठापर्यंत उतरायचं. छिद्रांचा कागद तिनं कधी घरात येऊ दिला नाही. चहाचा कप घेऊन मी उंबऱ्यात येऊन उभी राहिले तेव्हा मधली ओळ झाली होती, वरच्या चार ओळीही झाल्या होत्या. पाचवीला तिचा हात थांबला. चिमूट तशीच हवेत, आणि चिमटीतून पांढरी पूड बारीक धारेनं खाली सांडत राहिली. मग तिनं ठिपका दिला, तो मधल्या जागेत नव्हे, खालच्या ठिपक्याच्या बरोबर डोक्यावर. तो बोटानं पुसला. पुन्हा तिथेच दिला. थोडा वेळ नुसती बघत बसली, आणि मग तळहाताच्या कडेनं सगळंच एका फटक्यात पुसून टाकलं. एक स्वस्तिक काढलं, गाईची दोन पावलं काढली, त्यांवर हळदकुंकू वाहिलं आणि गुडघ्यावर हात टेकून उठली. "दमट झालीय रांगोळी," म्हणाली, "सुटत नाही बोटांतून."

रांगोळी कोरडी होती. मी ती सुटताना पाहिली होती.

तरी मी काही बोलले नाही. फराळाची गडबड होती, दादाची मुलं उठली होती, वहिनीनं उटण्याची वाटी शोधायला लावली आणि तो विषय तिथेच राहिला. पुण्याला परतल्यावर मात्र तो पाचव्या ओळीतला ठिपका अधूनमधून समोर यायचा. बसमध्ये, भाजी निवडताना. मग मी स्वतःचीच समजूत घालायचे, चौऱ्याहत्तर वर्षांची बाई आहे, पहाटेचा अंधार, मोतीबिंदूही पिकत आला असेल. शिवाय आईच्या आठवणीबद्दल शंका घ्यायला जागाच नव्हती. भावकीतल्या प्रत्येकाचा वाढदिवस तिला तिथीनं आणि तारखेनं ठाऊक. रामरक्षा एका दमात. माझ्या बारशाला कुणी काय आहेर केला होता हेही सांगायची. "आईची मेमरी कसली तल्लख आहे," असं दादा फोनवर म्हणायचा, आणि ते खरंच होतं. विसरणं म्हणजे नावं विसरणं, घरचा रस्ता विसरणं, जेवल्याचं विसरणं, एवढंच आम्हाला माहीत. तिला सगळं आठवत होतं, म्हणून आम्ही निर्धास्त राहिलो.

बिघडत होतं ते वेगळंच. कुकर लावून झाल्यावर भाजी चिरायला घ्यायची, मग कणीक, मग अर्धी कणीक तशीच टाकून देवापुढची फुलं काढायला जायची. एकेक काम तिला नीट यायचं, त्यांची एकमेकांत गुंफण सुटली होती. पंधरा माणसांचा स्वयंपाक एकटीनं हसतखेळत उरकणारी बाई चार माणसांच्या पोळ्यांना दीड तास लावायला लागली. प्रश्न विचारला की उत्तर यायचं, बरोबरही असायचं, पण मध्ये एक लांब शांतता. पावलं आखूड झाली, फरशीला घासत पडायला लागली. चटकन रडू यायचं, चटकन राग. वहिनी बिचारी आधी घाबरली, मग वैतागली. "हल्ली आई मुद्दाम करतात की काय कळत नाही," असं एकदा दबक्या आवाजात मला म्हणाली. त्यात तिची चूक नव्हती. म्हाताऱ्या माणसाच्या प्रत्येक बदलाला आपल्याकडे तयार नाव असतं. साठी बुद्धी नाठी, म्हातारचळ, हेका, स्वभाव. नाव मिळालं की कुणी कारण शोधत नाही. आम्हीही शोधलं नाही, पुरती दोन वर्षं.

२०२३ च्या उन्हाळ्यात ती न्हाणीघरात घसरली. हाड मोडलं नाही, पण त्या निमित्तानं तिला पुण्याला आणलं आणि मेंदूच्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी तीन वस्तूंची नावं सांगून ती लक्षात ठेवायला सांगितली. पाच मिनिटांनी तिन्ही नावं तिनं धडाधड सांगितली आणि शाळेत पहिली आल्यासारखी माझ्याकडे बघितलं. मग त्यांनी आकडा आणि अक्षर आळीपाळीनं म्हणायला सांगितलं, एक-अ, दोन-आ, असं पुढे. 'तीन'पाशी ती थांबली. ओठ हलत होते. मांडीवर ठेवलेल्या हाताची चिमूट आपोआप जुळली होती, आणि मला वसुबारसेची पहाट दिसली. नंतर एमआरआयची फिल्म उजेडाच्या पेटीवर लावली तेव्हा करड्या मेंदूत आत खोलवर पांढरे डाग दिसत होते, काही सुटे, काही एकमेकांत मिसळलेले. आई पुढे वाकून बघत म्हणाली, "हे ठिपके कशाचे?"

डॉक्टर चांगले होते. तिच्याशीच बोलले, माझ्याकडे बघून नाही. म्हणाले, आजी, मेंदूचं वजन शरीराच्या मानानं फार थोडं, शंभरातले दोन भाग म्हणा. पण रक्तातून येणाऱ्या प्राणवायूपैकी जवळजवळ वीस भाग तो एकटा वापरतो, आणि ते सतत लागतं, झोपेतसुद्धा. मेंदूच्या आतल्या भागाला रक्त पोचवणाऱ्या वाहिन्या केसासारख्या बारीक, आणि त्यातल्या बऱ्याचशा मोठ्या वाहिनीतून थेट निघालेल्या. मोठ्या वाहिनीतला दाब त्यांच्यावर फारसा कमी न होता आदळतो. वर्षानुवर्षं दाब जास्त राहिला की त्यांच्या भिंती जाड आणि कडक होतात, आतली वाट अरुंद होते, आणि पलीकडचा भाग हळूहळू उपाशी पडतो. तिथे असते मेंदूच्या एका भागाचा दुसऱ्याशी संबंध ठेवणारी तारांची जोडणी. म्हणून आठवणी जागच्या जागी असतात, जुळवाजुळव मंदावते.

आईला हे माझ्याआधी समजलं असं मला वाटतं. आमच्याकडे कासच्या तलावाचं पाणी डोंगर उतरून येतं. उतारावरच्या नळाला किती जोर असतो आणि जुन्या पाइपाचे सांधे त्या जोरानं कसे जातात, हे साताऱ्यातल्या बाईला वेगळं सांगावं लागत नाही. "म्हणजे बीपीचं आहे हे," ती म्हणाली. डॉक्टर म्हणाले, बरंचसं. त्यातलं बीपीमुळे किती, वयामुळे किती, आणि सोबत अल्झायमरची थोडी सुरुवात आहे की काय, हे वजन करून सांगता येत नाही. या वयात दोन्ही एकत्रच सापडतात पुष्कळदा. मग त्यांनी विचारलं, बीपी कधीपासून आहे?

आम्ही दोघी एकमेकींकडे बघत राहिलो. बाबांच्या बीपीची, शुगरची, कोलेस्टेरॉलची तारीखवार वही घरात आहे. आईचं बीपी कधी सुरू झालं हे आम्हा तिघांपैकी कुणालाच सांगता येईना.

बाबांना हार्ट अ‍ॅटॅक आला तो किल्लारीच्या भूकंपाच्या वर्षी, १९९३ ला. ते एक्कावन्न वर्षांचे होते. एवढ्या लवकर कसा आला असं तेव्हा सगळे म्हणत होते. पुढे कधीतरी वाचलं की आपल्या उपखंडातल्या लोकांना पहिला झटका येण्याचं मधलं वय ५३ च्या आसपास आहे, इतरांपेक्षा पाच-सहा वर्षं अलीकडचं. बायपास झाली, बाबा घरी आले आणि त्या दिवसापासून आमचं घर बाबांच्या हृदयाभोवती फिरायला लागलं. डालडा गेला, खोबऱ्याचं वाटण गेलं, पापड तळायचे ते भाजायला लागले. बाबा पहाटे उठून 'चार भिंती' स्मारकापर्यंत चालत जाऊन यायचे, पुढे जोर आल्यावर अजिंक्यताऱ्याची चढण चढायला लागले, त्यांचा तिथे एक गटच जमला. आणि रोज दोन्ही वेळा स्वयंपाकघरात एक गोष्ट व्हायची, जी मला आज डोळे मिटून ऐकू येते. आमटीला उकळी फुटली की मीठ घालायच्या आधी आई एक स्टीलची वाटी भरून बाजूला काढायची. भाजीचंही तसंच. "ह्यांची वाटी काढली का?" हा तिचा स्वतःलाच विचारलेला प्रश्न असायचा, मोठ्यानं. त्या वाटीत ती लिंबू पिळायची, कधी कोकमाचं आगळ, कधी नुसती जिऱ्याची पूड, म्हणजे जिभेला मिठाची आठवण होऊ नये. बाबा सुरुवातीला कुरकुरले, मग त्यांना तीच चव आवडायला लागली. तेवीस वर्षं ती वाटी निघाली. बाबा गेले ते २०१६ ला, चौऱ्याहत्तराव्या वर्षी, आणि अगदी शेवटच्या आठवड्यापर्यंत हिशेब, पेपर, कोडी, सगळं शाबूत.

आता त्याच ओट्याकडे मी दुसऱ्या बाजूनं बघते. वाटी काढून झाली की मीठ पडायचं, बाकीच्यांना रुचेल इतकं. सगळ्यांची जेवणं झाली की आई बसायची. तिच्या ताटात सकाळची पोळी, कढईला लागलेली भाजी, आणि चवीला काहीतरी खारट हवंच म्हणून कैरीचं लोणचं, सांडगी मिरची, ठेचा. दुपारच्या चहाबरोबर शेव नाहीतर फरसाण, कारण पाहुण्यांसाठी आणलेलं उरायचं आणि टाकवत नाही. दिवसभरात माणसाच्या पोटात पाच ग्रॅमपेक्षा कमी मीठ जावं असं जागतिक आरोग्य संघटना सांगते, म्हणजे चहाचा चमचा सपाट भरून जेमतेम. तिच्या एका जेवणात किती जात असेल याचा हिशेब मी एकदा मांडायला घेतला आणि मध्येच सोडून दिला. चालणं म्हणाल तर ओट्यापासून देव्हाऱ्यापर्यंत आणि देव्हाऱ्यापासून गॅलरीपर्यंत. दिवसभर उभी असायची, त्यामुळे तिला व्यायामाची गरज असेल असं कुणाच्या मनातही आलं नाही. बाबांबरोबर टेकडीवर जायची तिची इच्छा होती. एकदा गेलीही होती, नव्या कॅनव्हासच्या बुटांत, पदर खोचून. परत आल्यावर डबे कोण भरणार म्हणून ते तिथेच संपलं. ते बूट पुढे माझ्या मामेबहिणीनं नेले.

आणि ती काटकुळी होती. आपल्याकडे बारीक माणसाला आजार नसतो, ही समजूत मुळातून जायला हवी असं मला आता फार वाटतं. पुण्यातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी २००४ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात स्वतःचा आणि त्यांच्या इंग्लंडमधल्या सहकाऱ्याचा, जॉन युडकिन यांचा, शेजारीशेजारी फोटो छापला होता. दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानानं वजनाचं माप, अगदी सारखा, २२.३. पण युडकिन यांच्या शरीरात चरबी होती ९.१ टक्के आणि याज्ञिकांच्या २१.२ टक्के. वरून सडसडीत, आतून चरबी. पुण्याजवळच्या खेड्यांमध्ये त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वर्षानुवर्षं गरोदर बायका आणि त्यांची बाळं तपासली, आणि आपली बाळं जन्मतःच अशी असतात हे दाखवून दिलं. हे सगळं आमच्यापासून दोन-अडीच तासांच्या अंतरावर घडत होतं. आम्ही मात्र आईला बघून म्हणत होतो, तुला काय धाड भरलीय, तू तर काडीसारखी आहेस.

तिला बीपीची गोळी सुरू झाली होती एवढं मला माहीत होतं. दादा दर महिन्याला न चुकता आणून द्यायचा. डॉक्टरांकडून परतल्यानंतर आठवड्याभरानं वहिनीचा फोन आला. फडताळ आवरताना तिला मेतकुटाच्या जुन्या डब्यात गोळ्यांच्या पट्ट्या सापडल्या होत्या. अकरा अख्ख्या पट्ट्या, रबर लावून नीट रचलेल्या, सगळ्यात खालची कधीच मुदत उलटून गेलेली. आईला मी हळूच विचारलं. तिनं लपवलं नाही. "एक दिवसाआड घ्यायची मी. रोज घेतली की सवय लागते शरीराला. आणि बरं वाटत असताना कशाला? शिल्लक असलेली बरी, वेळकाळ सांगून येत नाही." ज्या बाईनं दुधाच्या पिशव्या धुऊन वाळवून जपल्या, जुन्या साड्यांच्या गोधड्या शिवल्या, सणाच्या पैशातले दहा रुपये डाळीच्या डब्यात ठेवून आमच्या फिया भरल्या, तिनं गोळ्यासुद्धा साठवल्या होत्या. मला तिच्यावर रागावता येईना. बीपी दुखत नाही, खुपत नाही, हीच त्याची मोठी अडचण आहे. बाबांच्या छातीत दुखलं म्हणून सारं घर धावलं. तिचं काही दुखलंच नाही.

त्यानंतरचे काही महिने मी रात्री जागून वाचत होते. लॅन्सेटच्या आयोगाचा २०२४ चा अहवाल म्हणतो की आयुष्यभरात बदलता येण्यासारख्या चौदा गोष्टींकडे लक्ष दिलं तर जगातला जवळजवळ ४५ टक्के स्मृतिभ्रंश टाळता किंवा लांबवता येऊ शकेल. बीपी, मधुमेह, वाईट कोलेस्टेरॉल, धूम्रपान, लठ्ठपणा, हालचालीचा अभाव. यादीचा मोठा भाग हृदयाच्या डॉक्टरांच्या भिंतीवर टांगलेल्या तक्त्यासारखाच. बाकीच्यांत ऐकू न येणं आहे, एकटेपण आहे, हवेचं प्रदूषण आहे, आणि लहानपणी शिक्षण कमी मिळणं आहे. त्या ओळीपाशी मी थांबले. आई सातवी, व्हर्नाक्युलर फायनल. तालुक्यात दुसरी आली होती. मास्तर घरी येऊन आजोबांना सांगून गेले होते की मुलीला पुढे शिकवा, ही मास्तरीण होईल. आजोबांनी पुढच्या वर्षीपासून तिला शेताच्या कामाला लावलं. साताऱ्यात येण्याआधीची कितीतरी वर्षं चुलीचा धूर फुंकण्यात गेली. तिचं रक्त, तिचा मेंदू, तिचं सातवीत सुटलेलं दप्तर, हे सगळं एका यादीत शेजारीशेजारी बघताना फार वाईट वाटलं, आणि कुणीतरी हे लिहून ठेवलंय याचं विचित्र समाधानही वाटलं.

आणखी एक गोष्ट वाचली ती माझ्यापुरती होती. लंडनच्या सरकारी कचेऱ्यांतल्या दहा हजारांहून जास्त कर्मचाऱ्यांचा १९८५ पासून पाठपुरावा केला, त्यात पन्नाशीला ज्यांच्या बीपीचा वरचा आकडा १३० किंवा त्याहून जास्त होता, त्यांच्यात पुढे स्मृतिभ्रंशाचं प्रमाण अधिक निघालं. हृदयाचा कुठलाही आजार नसलेल्यांमध्येसुद्धा. १३०, ज्याला आपण "थोडंसं वर आहे, टेन्शन असेल" म्हणून सोडून देतो. म्हणजे आईच्या मेंदूतले ते डाग पडायला लागले तेव्हा ती पन्नाशीच्या अलीकडेपलीकडे असणार. बाबांची वाटी काढत होती, माझ्या लग्नाच्या याद्या करत होती, आणि रांगोळी बिनचूक येत होती.

उशीर झाला का, हे मी डॉक्टरांना विचारलं. पडलेले डाग पुसता येत नाहीत, ते म्हणाले, पण नवे पडू द्यायचे नाहीत. तसा आधारही आहे. अमेरिकेत पन्नाशीपुढच्या नऊ हजारांवर बीपीवाल्या लोकांमध्ये वरचा आकडा १२० च्या खाली ठेवलेला गट आणि १४० च्या खाली ठेवलेला गट यांची तुलना झाली. २०१९ मध्ये निकाल आले तेव्हा पहिल्या गटात बुद्धीची सौम्य घसरण जवळपास एक पंचमांशानं कमी होती. पूर्ण स्मृतिभ्रंशाबद्दल मात्र त्या पाहणीतून ठाम सांगता आलं नाही. फिनलंडमध्ये साठ ते सत्त्याहत्तर वयाच्या १,२६० लोकांपैकी निम्म्यांना दोन वर्षं आहार, व्यायाम, बुद्धीचे खेळ आणि बीपी-शुगरवर नजर असं सगळं एकत्र दिलं आणि बाकीच्यांना नुसता सर्वसाधारण सल्ला. पहिल्यांची बुद्धी चाचण्यांमध्ये सरस टिकली. साठीनंतर सुरू करूनसुद्धा. आईच्या वयाला हे किती लागू पडेल हा प्रश्न आहेच, आणि तिच्या बाबतीत डॉक्टर फार खाली आकडा नेत नाहीत, चक्कर येऊन पुन्हा पडेल म्हणून.

मराठीत आपण आठवण काळजात ठेवतो आणि विसरतो मात्र डोक्यातून. काळजावर कोरलं, डोक्यातून गेलं. बोलणाऱ्यांना या दोन जागांना जोडणारी वाट कुठेतरी ठाऊक असावी असं मला हल्ली उगाच वाटत राहतं. आईला विचारलं तर ती म्हणेल, एवढा विचार करू नकोस, तुझंच बीपी वाढेल.

गेल्या महिन्यात गेले होते तेव्हा ती सकाळी दारात पाटावर बसली होती, मी शेजारी. आता ठिपके मी देते, ती रेघा ओढते. रेघ अजून तिचीच आहे, एकसारखी, न तुटणारी, कोपऱ्यावर अलगद वळणारी. पंधरा ते आठचे ठिपके मी पहिल्यांदाच मोजले, एकशे एकोणसत्तर. रांगोळी झाल्यावर हात धुऊन बीपीचं मशीन काढलं. तिचं १३४ आलं, वहीत लिहिलं. मग पट्टा तिनं माझ्या दंडाला गुंडाळायला घेतला. दोनदा उलटा लागला, तिसऱ्यांदा जमला. मी मध्ये हात घातला नाही. आकडे स्थिरावल्यावर तिनं चष्मा नाकावर सारून एकेक वाचला, "एक... चार... आठ." मग ती लांब शांतता. मला वाटलं, हरवली. ती उठली, पावलं घासत आत गेली. ओट्यावर आमटीला उकळी फुटत होती.

"वहिनीला सांग," ती म्हणाली, "मीठ टाकायचं थांब म्हणावं. तुझी वाटी काढायचीय."

मांडणीवरून तिनं एक वाटी घेतली. मी दुसरी काढून तिच्या हातात दिली.